मोरो, झान
(२३ जानेवारी १९२८–३१ जुलै २०१७). विख्यात फ्रेंच चित्रपट व नाट्य अभिनेत्री, गायिका आणि चित्रपटदिग्दर्शिका. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपीय चित्रपटात जी नवी दृष्टी आली, तिची सर्वांत प्रातिनिधिक अभिनेत्री म्हणून झान मोरोचा निर्देश केला जातो. लूई माल, आंतोन्योनी, त्र्युफो, बुन्युएल, दमी, वेल्स, लोझी अशा परस्परांहून सर्वस्वी भिन्न प्रकृतीच्या दिग्दर्शकांनी आपल्या महत्त्वाच्या कृतींसाठी तिची निवड केली. त्यामुळे ती श्रेष्ठ दिग्दर्शकांच्या हातातील एक उत्कृष्ट साधन होती, की त्या कृतींची खरी सहनिर्माती होती, हा तिच्याविषयीच्या समीक्षेतील मध्यवर्ती प्रश्न ठरतो.

तिचा जन्म पॅरिस येथे झाला. वडील फ्रेंच उपाहारगृहचालक, तर आई इंग्लंडमधील लँकाशरची. पॅरिसच्या सुप्रसिद्ध फॉली बेर्झेर रंगगृहात ती नर्तकी होती. घरात दोन भाषा असल्यामुळे झानला फ्रेंचइतकीच इंग्रजीही सहज अवगत झाली आणि पुढे इंग्रजी चित्रपटांत तिला त्याचा उपयोग झाला. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये तिचे शालेय वय गेले. नाटकाची ओढ तिला त्याच काळात लागली. वडिलांचा विरोध पत्करून तिने पॅरिसच्या काँझर्व्हात्वार या नाट्यशिक्षणसंस्थेत प्रवेश घेतला आणि वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास ती कॉमेदी-फ्रांसेझ या राष्ट्रीय नाट्यसंस्थेच्या कायम नटसंचात दाखल झाली. तेथे तिला अभिजात फ्रेंच नाटकातील वाक्शुद्धीची, छंदोबद्ध भाषणाची आणि मंचावर निश्चल उभे राहण्याची शिस्त मिळाली. १९५१ मध्ये आव्हीन्याँच्या नाट्यमहोत्सवात झां व्हिलारच्या दिग्दर्शनाखाली तिने झेरार फिलीपबरोबर काम केले. टेनेसी विल्यम्सच्या ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ या नाटकाचा पीटर ब्रुकने १९५६ मध्ये पॅरिसमध्ये केलेला प्रयोग हा तिच्या नाट्यजीवनातील महत्त्वाचा टप्पा होय. त्यातील मॅगीची भूमिका करीत असतानाच तरुण दिग्दर्शक लूई मालचे लक्ष तिच्याकडे गेले.

रंगभूमीवर असा लौकिक मिळत असता चित्रपटात मात्र तिची उपेक्षाच होत होती. १९४९ ते १९५७ या काळात तिने वीसच्या आसपास चित्रपट केले. त्यांत झाक बेकेरचा ‘तूशे पा ओ ग्रिझ्बी’ (१९५४) आणि ‘ला रेन मार्गो’ (१९५४) हे उल्लेखनीय होत. तथापि बहुतेक भूमिका गुन्हेगारी जगातील स्त्रीच्या किंवा दुय्यम नायिकेच्या साचेबंद स्वरूपाच्या होत्या. खाली झुकलेल्या ओठांच्या कडा, डोळ्यांखालील काळी वर्तुळे आणि असम चेहरेपट्टी यांमुळे तिचा चेहरा छायाचित्रणास अनुकूल नाही, असे निर्मात्यांचे मत होते. हे ‘दोष’ दडवण्यासाठी तिच्यावर जाड रंगभूषेचे थर चढविले जात व प्रखर दिव्यांच्या प्रकाशात तिचे चित्रीकरण होई. परिणामी ज्या चेहऱ्यावर मनातील प्रत्येक हालचाल उमटू शकत होती, तो पडद्यावर गुळगुळीत व निर्विकार दिसे.

मालच्या ‘आसांसर पूर लेशाफो’ (१९५८, म. शी. ‘वधस्तंभाकडे नेणारा पाळणा’) या चित्रपटाने ही स्थिती पालटली. यात मोरोने फ्लोरांस या श्रीमंत उद्योगपतीच्या पत्नीची भूमिका केली आहे. तिचा प्रियकर तिच्या नवऱ्याचा खून करतो, पण परतताना उद्वाहकात अडकून पडतो. आपणास सोडून तो निघून गेला, अशा समजुतीने फ्लोरांस रात्रभर पॅरिसच्या रस्त्यांवर त्याला शोधत हिंडते. छायालेखक आंरी दका याने ही दृश्ये दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडात, अतिसंवेदनक्षम फिल्म वापरून चित्रित केली. मोरोच्या चेहऱ्यावर रंगभूषा जवळजवळ नव्हती. फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी अभिनेत्रीला असे दाखविणे अनुचित म्हणून तक्रार केल्याची आठवण मालने नमूद केली आहे. या भटकंतीत संवाद नाहीत. तिचे मनोगत पडद्यामागून कुजबुजत्या आवाजात ऐकू येते आणि माइल्स डेव्हिसने एका रात्रीत उत्स्फूर्तपणे वाजविलेल्या ट्रंपेटचे सूर त्याला साथ देतात. पावसात भिजलेली, थकलेली, रहदारीचे भान नसलेली ही स्त्री रूढ अर्थाने काहीच करीत नाही, तरीही प्रेक्षकाची दृष्टी तिच्यावरून हलत नाही. विशेष म्हणजे ही दोघे संपूर्ण चित्रपटात एकत्र येत नाहीत. अखेरीस पोलिसांच्या हाती लागलेल्या छायाचित्रांत तेवढी ती जवळजवळ दिसतात. प्रेमकथेचा सर्व भार मोरोने एकटीने, प्रियकराच्या अनुपस्थितीत वाहिला आहे.

मालच्याच ‘लेझ आमां’ (१९५८, म. शी. ‘प्रेमिक’) या चित्रपटाने तिला आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवून दिली. दीझाँ येथील वृत्तपत्रमालकाची ही पत्नी एका रात्रीच्या प्रणयानंतर संसार सोडून जाते. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला परीक्षकमंडळाचे खास पारितोषिक लाभले. त्याचबरोबर अश्लीलतेवरून त्याविरुद्ध मोठा गदारोळही झाला. अमेरिकेतील ओहायओ राज्यात तो दाखविल्याबद्दल एका चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला शिक्षा झाली. १९६४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट अश्लील नसल्याचा निर्णय देऊन ती रद्द ठरविली. आज ती दृश्ये क्षोभकारक वाटत नाहीत. टिकून राहिला आहे तो शेवट. पहाटेच्या उजेडात मोटारीतून जाताना नायिकेच्या मुद्रेवर सुखापेक्षा शंकाच अधिक दिसते. आपल्या निर्णयाची किंमत तिला कळलेली आहे व ती देण्याची तयारीही आहे. पश्चात्ताप आणि उन्माद या दोन्ही सोप्या वाटा टाळून मोरोने हा क्षण उभा केला आहे.

तिच्या अभिनयपद्धतीचे मर्म येथेच स्पष्ट होते. भावना दाखविण्यापेक्षा पात्राच्या मनात चाललेला विचार दृश्य करण्याकडे तिचा कल असे. त्यासाठी तिची मुख्य साधने तीन : चेहऱ्यावरील अत्यल्प हालचाल, चालण्याची लय आणि किंचित घोगरा, सखल आवाज. रंगभूमीवर कमावलेल्या वाक्शिस्तीमुळे ती चित्रपटात कमी बोलू शकली, हा वरवर विरोधाभास वाटेल; परंतु शब्दाचे वजन माहीत असलेल्या नटालाच मौनाचे माप कळते, याचे तिचा अभिनय हे उत्तम उदाहरण आहे. तिचा चेहरा गंभीर असताना कठोर वाटे आणि हसताच बालिका दिसे. या दोन टोकांमधील अनपेक्षित संक्रमण हे तिचे बलस्थान होते.

मार्गरीत द्युराच्या कादंबरीवरून पीटर ब्रुकने काढलेल्या ‘मोदेरातो कांताबिले’ (१९६०) या चित्रपटाबद्दल तिला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ते मेलिना मेर्कूरी या ग्रीक अभिनेत्रीबरोबर विभागून देण्यात आले होते. आंतोन्योनीच्या ‘ला नोत्ते’ (१९६१, म. शी. ‘रात्र’) मध्ये तिने लीदिया या लेखकपत्नीचे काम केले. मरणोन्मुख मित्राला रुग्णालयात भेटून आल्यावर लीदिया मिलान शहरात व त्याच्या उपनगरांत दिशाहीन हिंडते. फ्लोरांसच्या भटकंतीशी याचे बाह्य साम्य असले, तरी दोहोंतील चाल निराळी आहे : फ्लोरांस कोणाला तरी शोधते, लीदियाला शोधण्यासारखे काही उरलेले नाही. शेवटी ती नवऱ्याला एक जुने प्रेमपत्र वाचून दाखविते आणि ते कोणाचे, असे तो विचारतो. पत्र त्यानेच लिहिलेले असते. हे वाचन तिने जवळजवळ सपाट स्वरात केले आहे. त्या सपाटपणामुळेच वैवाहिक नात्याचा अंत अटळ वाटतो.

त्र्युफोच्या ‘झ्यूल ए झीम’ (१९६२) मधील कातरीन ही तिची सर्वांत लोकप्रिय भूमिका होय. आंरी-प्येर रोशे याच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात दोन जिवलग मित्र एकाच स्त्रीवर प्रेम करतात. मिशा रंगवून व डोक्यावर टोपी घालून पुलावर धावणारी, रागाच्या भरात सेन नदीत उडी घेणारी कातरीन ही स्वच्छंद स्त्रीत्वाचे प्रतीक बनली. तिने गायिलेले ‘ल तूरबीयाँ’ हे सेर्झ रेझ्वानीचे गीत घरोघरी पोहोचले. गाताना कडव्यांचा क्रम चुकल्यावर तिने हाताने केलेली सहज खूणही त्र्युफोने चित्रपटात तशीच राहू दिली. तथापि या भूमिकेचे नेहमीचे गौरवपर मूल्यमापन पुरेसे नाही. संहितेतील कातरीन ही मुख्यतः पुरुषांनी पाहिलेली स्त्री आहे. एका पुतळ्याच्या स्मितावर भाळलेले दोघे मित्र तेच स्मित तिच्यात शोधतात आणि कथा सांगणारा आवाजही पुरुषाचाच आहे. तिच्या वागण्यामागील कारणे पटकथा क्वचितच देते, आणि झीमला घेऊन तिने मोटार तुटक्या पुलावरून नदीत घालणे हे गूढ म्हणूनच राहते. मोरोने या कल्पनाचित्राला वय, थकवा व संताप दिला. उल्हासाच्या प्रसंगातही तिच्या डोळ्यांत जो क्षणिक अंधार दिसतो, त्यामुळे शेवटची कृती अकस्मात न वाटता आधीपासून घडत आलेली वाटते. पटकथेतील रिकामी जागा अभिनयाने भरून काढल्याचा हा नमुना असून, आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात बव्हंशी मिळते.

पुढील काळातील भूमिका या उत्तराला पुष्टी देतात. झाक दमीच्या ‘ला बे देझ आंझ’ (१९६३) मध्ये पांढुरक्या सोनेरी केसांची जुगारी स्त्री तिने कमालीच्या चापल्याने रंगविली. बुन्युएलच्या ‘ल झूर्नाल द्यून फाम द शांब्र’ (१९६४, म. शी. ‘मोलकरणीची रोजनिशी’) मधील सेलेस्तीन त्याच्या अगदी उलट आहे. मालकांचे दंभ आणि नोकरांचे क्रौर्य ती थंडपणे न्याहाळते. एका लहान मुलीच्या खुन्याला पकडून देण्याचा प्रयत्न करते आणि शेवटी त्याच बूर्झ्वा जगात सुखवस्तू पत्नी होऊन बसते. ही तडजोड मोरोने समर्थन वा निषेध न करता दाखविली आहे. तिच्या चालण्याचे चित्रण करताना आपणास विशेष आनंद झाल्याचे बुन्युएलने आत्मचरित्रात लिहिले आहे. ऑर्सन वेल्सच्या ‘द ट्रायल’ (१९६२), ‘चाइम्स ॲट मिडनाइट’ (१९६५) व ‘द इम्मॉर्टल स्टोरी’ (१९६८) या तिन्ही चित्रपटांत ती होती. मालच्या ‘व्हिव्हा मारिया!’ (१९६५) मध्ये ब्रिझीत बार्दोसमवेत तिने विनोदी भूमिका केली व तीबद्दल तिला ब्रिटिश चित्रपट अकादमीचे पारितोषिक मिळाले. तिचे सर्वच काम मात्र या दर्जाचे नाही. टोनी रिचर्डसनच्या ‘मादम्वाझेल’ (१९६६) सारख्या चित्रपटांत तिचा गूढ गंभीरपणा रीतीसारखा वापरला गेला असून दिग्दर्शकाजवळ निश्चित दृष्टी नसल्यास तो साचा बनू शकतो, हे त्यांवरून दिसते.

१९७० नंतर प्रमुख भूमिका विरळ झाल्या. याच काळात ती दिग्दर्शनाकडे वळली. ‘ल्युम्येर’ (१९७६, म. शी. ‘प्रकाश’) हा तिने स्वतः लिहिलेला व दिग्दर्शित केलेला चित्रपट चार अभिनेत्रींच्या मैत्रीवर आहे. त्याची रचना काहीशी विस्कळित असली, तरी अभिनेत्री म्हणजे पाहिली जाणारी व्यक्ती, या गृहीताला त्यात छेद दिला आहे : येथे स्त्रिया एकमेकींना पाहतात, श्रमांविषयी व वाढत्या वयाविषयी बोलतात. ‘लादोलेसांत’ (१९७९) मध्ये १९३९ च्या उन्हाळ्यात खेडेगावी आलेल्या मुलीचे वयात येणे तिने चित्रित केले. त्यात आजीच्या भूमिकेत सीमॉन सिन्योरे होती. हा चित्रपट अधिक बांधीव आहे. मूकपटांच्या काळातील अमेरिकन अभिनेत्री लिलियन गिश हिच्यावरही तिने अनुबोधपट काढला.

उत्तरायुष्यातील तिचे सर्वांत लक्षणीय यश रंगभूमीवरील होय. हेर्मान ब्रॉखच्या कथनावरून क्लाउस मीखाएल ग्र्यूबरने १९८६ मध्ये पॅरिसमध्ये बसविलेल्या प्रयोगात तिने त्सेर्लीन या वृद्ध मोलकरणीचे दीर्घ स्वगत सादर केले. त्याबद्दल तिला १९८८ मध्ये फ्रेंच रंगभूमीचे मोल्येर पारितोषिक मिळाले. ‘ला व्ह्येय की मार्शे दां ला मेर’ (१९९१) या चित्रपटातील भूमिकेसाठी तिला सेझार पारितोषिक लाभले. कान महोत्सवाच्या परीक्षकमंडळाचे अध्यक्षपद तिने १९७५ व १९९५ असे दोनदा भूषविले. २००० मध्ये फ्रान्सच्या ललित कला अकादमीवर तिची निवड झाली. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. पोर्तुगीज दिग्दर्शक मानुएल द ऑलिव्हैराच्या २०१२ मधील चित्रपटापर्यंत ती काम करीत होती. १९४९ मध्ये तिचा विवाह झां-लुई रीशार या नट-दिग्दर्शकाशी झाला. त्यांना एक मुलगा झाला. पुढे हा विवाह संपुष्टात आला. अमेरिकन दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन याच्याशी १९७७ मध्ये झालेला विवाहही अल्पकाळ टिकला. पॅरिस येथे तिचे निधन झाले.

मोरोच्या पूर्वी फ्रेंच पडद्यावरील नायिका बहुधा सौंदर्याच्या किंवा करुणेच्या एखाद्या ठरीव कल्पनेत बसविलेली असे. मोरोने तिला अंतर्मन दिले. चुकीचा निर्णयही विचारपूर्वक घेणारी, वयाच्या खुणा न लपविणारी प्रौढ स्त्री तिच्यामुळे कथेच्या केंद्रस्थानी आली. दिग्दर्शकांनी तिला संधी व चौकट दिली, हे खरे. परंतु वेगवेगळ्या चौकटींत तीच विचारी नजर सातत्याने आढळते, तेव्हा ती नजर अभिनेत्रीचीच मानणे प्राप्त होते. निर्मात्यांनी एके काळी रंगभूषेखाली दडवू पाहिलेला चेहराच अखेर एका चित्रपटयुगाची ओळख ठरला.