दोन सायंस्तोत्रे आणि जात्यावरची ओवी

तिन्हीसांजेला दिवा लागला की आपल्या घरांतून शुभंकरोती व रामरक्षा म्हणण्याचा प्रघात होता. अँग्लिकन चर्चच्या सायंउपासनेत त्या वेळी मरीयेचे आणि वृद्ध शिमोनाचे, अशी लूककृत शुभवर्तमानातील दोन स्तोत्रे गाइली जातात. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात क्रॅनमरने मठांतील सायंप्रार्थना व शयनापूर्वीची प्रार्थना एकत्र केल्या. त्यातून हे जोडपे जमले. शब्द तेच, स्वररचना मात्र शेकडो.

'चार आवाजांच्या गर्दीत शब्द हरवतो,' असे म्हणून आपले गानरसिक या संगीताला निकालात काढतात. स्टॅनफर्ड यांची जी स्वरातील रचना ऐकल्यावर हा आक्षेप टिकू नये. तेथे मरीयेसाठी एकच कोवळा स्वर आहे आणि खाली ऑर्गनवर चरख्यासारखी अखंड फिरणारी स्वरावली. जनाबाईचे जाते आठवल्यावाचून राहत नाही. मात्र ओवी जात्याच्या फेऱ्यातूनच घडते. स्तोत्र पडले गद्य, त्याची लहानमोठी वाक्ये चाकावर बसवावी लागतात. हे कसब स्टॅनफर्ड यांच्यापाशी आहे. तरीही सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढणाऱ्या देवाचे वर्णन येते, तेव्हा त्या गोडव्याला धार चढत नाही, असे मला वाटते. जनीचा विठ्ठल स्वतः दळू लागतो. येथे चाक नुसती साथ करते.

हॉवेल्स यांनी १९४५ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी केलेली रचना अधिक खोल आहे. १९३५ मध्ये त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा गेला होता. शिमोनाचे शब्द त्यांनी एकट्या टेनर स्वराला दिले आहेत. भोवतीचा वृंद त्याला आधार देतो, झाकत नाही. निरोप मागणाऱ्या म्हाताऱ्याची ही शांती सेवानिवृत्तीनंतर जरा निराळीच ऐकू येते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी उपासनेसाठी अभंग आणि कीर्तन निवडले. मंडळीने एकमुखाने गायचे, तर ती निवड योग्यच होती. परंतु अभंगात शिरताना गद्याचा श्वास छंदाच्या मापाने कापला जातो, ही किंमत मोजावीच लागते. स्वरलेखनाचे आपल्याला वावडे नव्हते. मौलाबक्षांनी ते याच बडोद्यात रुजवले आणि १८८६ च्या गायनशाळेत त्यावर शिक्षण दिले. अडचण होती ती एकाच क्षणी निरनिराळे स्वर ऐकण्याची. मलाही हॉवेल्स तिसऱ्या खेपेस कळला.