गळालेला शब्द

दिलीप चित्रे ह्यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता इंग्रजीत असली, तरी तिच्यातले घर मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचे आहे. १९८० साली निघालेल्या ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ ह्या संग्रहातली ही कविता पुढे महाराष्ट्रात बारावीच्या इंग्रजी पुस्तकात आली, आणि ‘शहरी माणसाचे एकाकीपण’ हे तिचे उत्तर गाइडांनी ठरवून टाकले. हे उत्तर खोटे नाही. फार सोयीचे मात्र आहे. त्याने सारा दोष शहराच्या माथी जातो आणि घरातली माणसे मोकळी सुटतात.

प्रसंग साधाच आहे. वय झालेला बाप रात्रीच्या गाडीने घरी परततो. कपडे भिजलेले, रेनकोटाला चिखल, पुस्तकांनी फुगलेली पिशवी उसवत आलेली. घरी पांचट चहा आणि शिळी पोळी. गाडी मुंबईची खरी. पण आमच्या वर्ध्याहून नागपूरला रोज अप-डाऊन करणाऱ्या बापांना ह्यातले काहीच नवे वाटणार नाही.

गाडीतून उतरणाऱ्या ह्या बापाला कवी वाक्यातून गळालेल्या शब्दाची उपमा देतो. शब्द गळाला तरी वाक्य थांबत नाही. ही उपमा हाती धरली, की बाकीच्या प्रतिमा आपोआप तिच्याभोवती गोळा होतात. पुस्तके आहेत, पण डोळे मंदावले आहेत. मुले आहेत, पण ती मनातले काही सांगत नाहीत. शेवटी सोबतीला रेडिओ, तर त्यातही नुसती खरखर! शब्द सगळीकडे आहेत आणि पोहोचत एकही नाही.

चित्र्यांचे वडील बडोद्याहून ‘अभिरुचि’ मासिक चालवीत. मुलाने १९५४ साली अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ ह्यांच्यासह अनियतकालिक काढले, त्याचे नावच ‘शब्द’. कविता म्हणजे चरित्र नव्हे, हे मान्य. तरी शब्दांच्या अशा घरातल्या कवीने बापाला गळालेला शब्द म्हणावे, ह्याने मन चरकल्यावाचून राहत नाही.

आता एक बारीक गोष्ट पाहा. आरंभी कवी ‘माझे वडील’ म्हणतो. घुम्या मुलांचा विषय निघताच ती ‘त्यांची मुले’ होतात. ‘आम्ही’ हा शब्द कवितेत येतच नाही. अपराधाची जाणीव तिथे दडली आहे. हात धुताना बापाच्या मनगटावरच्या पिकत्या केसांना अडकलेला पाण्याचा थेंबही ह्या मुलाला दिसतो! इतके निरखून पाहणारा बोलला मात्र नाही.

त्याची शिक्षा शेवटच्या प्रतिमेत आहे. झोपेत बापाला पूर्वज दिसतात, नातवंडे दिसतात. मधली पिढी तेवढी नाही. पूर्वी खिंडीतून ह्या भूमीत शिरलेल्या भटक्या टोळ्या त्याला आठवतात. खिंड अरुंद असली तरी ती माणसे एकमेकांबरोबर होती. ह्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याची वाट तिच्याहून अरुंद झाली आहे.

म्हणून ही कविता मला मुलाने उशिरा उच्चारलेला शब्द वाटते. परीक्षेत ‘एकाकीपण’ लिहून गुण मिळतील, आणि ते मिळावेतच. पण ती घुमी मुले कोण, हे सतरा वर्षांच्या एखाद्या वाचकाला उमगले, तर तो कदाचित त्या रात्री बापाचे ताट वाढेपर्यंत जागा राहील.