बेस गिटारचा कॉम्प्रेसर: प्रश्न आवाजाचा नाही, वेळेचा आहे



आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. तळहातावर मावणारी एक धातूची डबी, तिच्यावर दोन-चार नॉब, पायाने दाबायचं एक बटण. बेस गिटार वाजवणारे तिला कॉम्प्रेसर म्हणतात. ही डबी निवडायची कशी आणि तिच्याबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यातलं खरं किती, एवढंच आज बघू.

हा विषय पालघर-बोईसरमध्ये का घ्यायचा, तेही सांगतो. समजा, एका वादकाचा दिवस तारापूर एमआयडीसीतल्या शिफ्टमध्ये जातो आणि संध्याकाळ ऑर्केस्ट्रात. गणपती, नवरात्र, हळद, लग्न, जिथे बोलावणं येईल तिथे तो वाजवतो. पेडल घ्यायला तो बोईसरहून लोकल पकडून शंभरेक किलोमीटरवर धोबीतलावला जातो. दुकानातल्या थंड, शांत खोलीत दहा मिनिटं वाजवून बघतो. आवाज कसा गुळगुळीत झाला, म्हणून खूश होतो आणि पैसे मोजतो. मग तीच डबी उघड्या मैदानात, जनरेटरच्या शेजारी, ढोल आणि ऑक्टोपॅडच्या मध्ये लावतो. आता बेस कुणाला ऐकूच येत नाही! पैसे घामाचे असतात. म्हणून या वस्तूची समीक्षा गंभीरपणे व्हायला हवी.

आधी यंत्र काय करतं ते आकड्यांत बघू. कॉम्प्रेसरमध्ये एक उंबरठा असतो, थ्रेशोल्ड. आवाज त्याच्याखाली आहे तोवर यंत्र काही करत नाही. वर गेला की दाबतं. किती दाबायचं ते रेशो ठरवतो. रेशो ४:१ असेल आणि तुम्ही उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर वाजवलंत, तर बाहेर फक्त ३ डेसिबल वर येतो. म्हणजे ९ डेसिबल कापले गेले. मग लेव्हलचा नॉब फिरवून आपण ते ९ डेसिबल परत भरून काढतो. आता गंमत बघा. जोरात वाजवलेला सूर जिथे होता तिथेच परत आला, पण हळू वाजवलेला सूर ९ डेसिबलने वर चढला. म्हणजे कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो असं आपण म्हणतो, पण ऐकणाऱ्याला जाणवतं ते लहान आवाज मोठे झाल्याचं.

आणि लहान आवाजांत काय काय येतं? बोट घसरल्याचा आवाज येतो, तार पडद्यावर आपटल्याची खट्‌ येते आणि विजेची गुणगुण येते. तुम्ही वाजवत नसता तेव्हा यंत्र काही कापत नाही, पण भरून काढलेले ९ डेसिबल तसेच राहतात. म्हणून दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ती घुंऽऽ एकदम पुढे येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या सर्वांत जाड तारेवर, तिसऱ्या पडद्यावर जो सूर लागतो त्याची कंपनं आहेत ४९. म्हणजे गुणगुण आणि तुमचा सूर अगदी खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि त्यांच्या भांडणातून सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते. ही गुणगुण गाळून टाकायला जाल तर सूरही जाईल. तेव्हा सगळी पेडलं एकाच स्वस्त अ‍ॅडॅप्टरवर लटकवली असतील, तर महागड्या कॉम्प्रेसरआधी बरा पॉवर सप्लाय घ्या.

आता मुख्य मुद्दा. या पेडलांची परीक्षणं वाचलीत तर तीन शब्द हमखास सापडतील: सस्टेन, पंच आणि पारदर्शक. सस्टेन म्हणजे सूर लांबणं. पंच म्हणजे ठोसा. पारदर्शक म्हणजे पेडल लावलंय हे कळू नये. माझा आक्षेप असा, की हे तिन्ही शब्द वस्तूचा स्वभाव सांगतात असं वाटतं, पण खरं तर ते तिच्या वेळापत्रकाचा परिणाम सांगतात. उंबरठा ओलांडल्यावर यंत्र किती वेळात दाबायला लागतं, तो अटॅक. आवाज खाली आल्यावर किती वेळात सोडतं, तो रिलीज. कॉम्प्रेसर निवडणं म्हणजे मुख्यतः हे दोन वेळ निवडणं.

उदाहरण घ्या. अटॅक एक-दोन मिलिसेकंदांचा ठेवला, तर बोटाने तार सोडल्याक्षणी जो टणत्कार होतो तोच दाबला जातो. सूर गोल होतो, पण त्याची कडा जाते. अटॅक तीसेक मिलिसेकंदांचा ठेवला, तर कडा निसटून पुढे येते आणि मागचं शेपूट तेवढं दाबलं जातं. त्यालाच लोक पंच म्हणतात. मंडपातल्या साध्या स्पीकरांवर ही कडा फार मोलाची. बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, आणि बरेच स्पीकर एवढ्या खाली नीट पोचतच नाहीत. लोकांना ऐकू येते ती कडा आणि त्या सुराची ८२ हर्ट्झची दुप्पट. कडा मारलीत तर बेस मेला!

आता रिलीज. ४१ हर्ट्झच्या लाटेला एक फेरी पुरी करायला २४ मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याच्या आसपास किंवा कमी असेल, तर यंत्र सुराच्या मागे न जाता लाटेच्याच चढउतारामागे धावतं आणि आवाज खरखरतो. उलट रिलीज फार लांब असेल, तर पुढचा सूर येईपर्यंत यंत्राने हात सोडलेलाच नसतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. अर्ध्या ठोक्यावर वाजवत असाल तर हातात २५० मिलिसेकंद. तेवढ्यात यंत्राने श्वास सोडून पुन्हा तयार व्हायला हवं. म्हणजे रिलीज लयीशी बांधलेला आहे. गरब्याला चालेल तो संथ भावगीताला चालेलच असं नाही.

या कसोटीवर बाजारातली डबी-डबी तपासू. एमएक्सआरचा डायना कॉम्प, १९७०च्या दशकातला, खूप गाजलेला. दोनच नॉब. वेळ तुमच्या हातात नाही. तो मुळात सहा तारांच्या गिटारसाठी शोभतो. बेसवर रंग म्हणून घ्या, शिस्त म्हणून नको. बॉसचा सीएस-३, १९८६पासूनचा. त्यात अटॅक आहे, रिलीज नाही. त्याच कंपनीचा एलएमबी-३ खास बेससाठी, पण त्यात थ्रेशोल्ड-रेशो आहेत आणि वेळ नाही. बीसी-१एक्समध्ये रिलीज दिलाय, अटॅक आतून ठरतो. कीलीचा बेसिस्ट सरळ-साधा, तीन नॉबांचा, पण वेळ त्याचा तो ठरवतो. टीसी इलेक्ट्रॉनिकचा स्पेक्ट्राकॉम्प एका नॉबचा. आतली मांडणी बदलता येते, पण त्यासाठी स्टेजवर नाही, घरी बसावं लागतं.

एमएक्सआरचा एम८७ मात्र वेगळा. अटॅक, रिलीज, रेशो, इनपुट, आउटपुट असे पाच नॉब, आणि यंत्र किती कापतंय ते दाखवणाऱ्या दिव्यांची रांग. ही पद्धत आली १९६७च्या ११७६ या स्टुडिओ यंत्रावरून. रेशोसुद्धा तेच: ४, ८, १२, २०. त्याची उणीव अशी, की न दाबलेला मूळ सूर मिसळायची सोय नाही. ओरिजिन इफेक्ट्सच्या कॅली७६ बेसमध्ये ती आहे. शिवाय खालच्या सुरांनी यंत्र उगीच भडकू नये म्हणून फिल्टर आहे. पण तो महाग. माझं मत विचाराल, तर पहिला कॉम्प्रेसर दिवे असलेला घ्यावा. कारण हे यंत्र कानाला फसवतं. आवाज जरा वाढला की आपल्याला तो चांगला वाटतो. दिवे तुम्हाला खरं सांगतात.

इथे एक मोठा धोका सांगायचा राहिला: साउंडवाला. त्याच्या डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनलला कॉम्प्रेसर असतो. तुमचा ४:१ आणि त्याचा ४:१, दोन्ही एकदम कामाला लागले तर रेशोंचा गुणाकार होतो, १६:१. म्हणजे भिंतच. वर मागच्या अ‍ॅम्पचा लिमिटर वेगळा. तेव्हा वाजवण्याआधी त्याला विचारा, "दादा, बेसवर काही लावलंय का?" हा एक प्रश्न कित्येक पेडलांपेक्षा उपयोगी आहे.

मग या डबीचा खरा फायदा कुठे? मी म्हणेन, कमी आवाजात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशी तेवढी बारापर्यंत मुभा. एकसारखा आलेला बेस कमी आवाजातही ऐकू येतो. साउंडवाल्याला तो ढकलत बसावा लागत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला झोप लागते आणि आपल्याही कानांचं आयुष्य वाढतं.

शेवटी एक तुलना. ज्या जिल्ह्यात आपण बसलोय तो तारप्याचा जिल्हा. भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास न तोडता वाजवत राहतो आणि नाचणारे हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. फुंकेचं वाद्य सूर धरून ठेवू शकतं. छेडलेली तार मात्र छेडल्याक्षणापासून मरायला लागते. कॉम्प्रेसर त्या मरणाऱ्या तारेला थोडा उसना श्वास देतो. पण चाल कधी बदलायची, कुठे थांबायचं, हे तारपेकऱ्याचं असतं, भोपळ्याचं नव्हे.

प्रश्न आला आहे: "सर, मग नवीन पोराने कॉम्प्रेसर घेऊच नये का?"

घ्यावा की. पण आधी महिनाभर मोबाईलवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकावं. चारही तारांवर बोटाचा जोर सारखा पडतोय का, बघावं. जो सूर बोटाच्या आळसाने कमी येतो तो बोटाने दुरुस्त करावा. जो तारेच्या स्वभावाने कमी येतो तो डबीवर सोपवावा. दुकानात जाल तेव्हा स्वतःची गिटार घेऊन जा आणि सोबत मोबाईलवर ढोलाचा ठेका लावा. पेडल चालू-बंद करताना दोन्ही आवाज आधी सारखे करा, मगच निकाल द्या. दोन-तीन दिव्यांपुढे जायची गरज पडत असेल, तर काहीतरी चुकतंय. आणि बंद केल्यावर गाणं जास्त आवडलं, तर पैसे खिशात ठेवून परतीची लोकल पकडा.