काचेच्या दर्शनी भिंती आणि परावर्तित उन्हाचे संगणकीय प्रतिरूपण : एक चिकित्सा

लंडनमधील २० फेनचर्च स्ट्रीट ही इमारत ‘वॉकी टॉकी’ या टोपणनावाने ओळखली जाते. तिचे बांधकाम चालू असताना, २०१३ च्या ऑगस्टअखेरीस व सप्टेंबरच्या प्रारंभी, दक्षिणेकडील अंतर्वक्र काचभिंतीवरून परावर्तित झालेले ऊन ईस्टचीप रस्त्यावर एकवटले आणि तेथे उभ्या असलेल्या एका जॅग्वार मोटारीचे काही भाग वितळून वाकडे झाले. वृत्तपत्रांनी घटनेची थट्टाच अधिक केली. चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वास्तुविशारद राफाएल विन्योली (१९४४–२०२३) यांनी त्यावेळी ‘गार्डियन’ वृत्तपत्राला दिलेले स्पष्टीकरण. त्याचा आशय असा : दोष आराखड्याच्या टप्प्यावरच लक्षात आला होता, परंतु त्याच्या अचूक विश्लेषणाची साधने नव्हती, तापमान ३६ अंशांच्या आसपास राहील असा अंदाज होता, ते ७२ च्या घरात गेले.

साधने नव्हती हे म्हणणे सहजासहजी स्वीकारता येत नाही. अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मे असते, हे शालेय पाठ्यपुस्तकातील विधान आहे. कोणत्याही अक्षांशावर, कोणत्याही दिवशी सूर्य कोठे असेल हे गणिताने काढता येते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातील लंडनच्या सूर्याची माध्यान्हीची उंची (सुमारे ४६ अंश) एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातही तीच असते. शिवाय याच वास्तुविशारदांच्या लास व्हेगासमधील व्दारा हॉटेलच्या वक्र भिंतीने पोहण्याच्या तलावाकाठी असाच उपद्रव केल्याच्या बातम्या २०१० मध्येच आल्या होत्या.

तथापि या स्पष्टीकरणात तथ्यांश मुळीच नाही असेही नव्हे. ग्रेग वॉर्ड यांनी १९८० च्या दशकात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत विकसित केलेली ‘रेडियन्स’ ही प्रणाली प्रकाशयोजनेच्या अभ्यासात प्रमाण मानली जाते. ती किरणांचा माग डोळ्याकडून प्रकाशस्रोताकडे, म्हणजे उलट दिशेने घेते. सूर्यबिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापते. त्यामुळे रस्त्यावरून निघालेला किरण वक्र काचेवर आदळून नेमका त्या बिंबावर जाईल, ही शक्यता फारच थोडी. सपाट आरशासाठी या प्रणालीत स्वतंत्र सोय आहे. वक्र पृष्ठभागावरील सूर्य मात्र निसटतो. सूर्याकडून किरण सोडणाऱ्या फोटॉन मॅपिंगसारख्या पद्धती १९९० च्या दशकातच मांडल्या गेल्या होत्या, त्यामुळे ही अडचण अनुल्लंघनीय नव्हती. खरी अडचण काचेची आहे. प्रतिरूपात प्रत्येक तावदान निर्दोष सपाट मानले जाते. प्रत्यक्षात दुहेरी तावदानांतील बंदिस्त हवा बाहेरील दाब व तापमानानुसार आकुंचते वा प्रसरते, आणि काच किंचित आत वा बाहेर वाकते. हे वाकणे डोळ्यांना जाणवत नाही, पण साठ-सत्तर मीटर अंतरावर किरणे कोठे पडतील हे त्याने बदलते. एकूण भिंतीची वक्रता आणि तावदानांची वक्रता एकत्र आल्यास संगणकाने दाखविलेला ठिपका व रस्त्यावरचा ठिपका यांत तफावत पडणारच.

आता ३६ आणि ७२ या आकड्यांविषयी. किरणांच्या प्रतिरूपणातून मिळते ती प्रति चौरस मीटर वॅटमधील ऊर्जा, तापमान नव्हे. निरभ्र दुपारच्या थेट उन्हात ती सुमारे हजार वॅट असते. तेवढ्याच ऊर्जेने पांढरी फरशी, काळे प्लास्टिक व माणसाची त्वचा वेगवेगळ्या तापमानांना पोहोचतात; वाऱ्याचा वेगही त्यात भर घालतो. म्हणून ३६ अंश कशाचे, हे सांगितल्याविना अंदाज चुकला की बरोबर ठरला, हे ठरविताच येत नाही. विन्योलींच्या स्पष्टीकरणातील सर्वांत दुबळी जागा हीच आहे, आणि चर्चेत तिच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

मूळ आराखड्यात दक्षिणेकडे आडव्या छायापट्ट्या होत्या, त्या बहुधा खर्च कपातीत वगळल्या गेल्या, असेही विन्योली म्हणाले होते. २०१४ मध्ये त्याच भिंतीवर कायमस्वरूपी सूर्यरोधक बसवावा लागला. या पट्ट्यांचा हिशेब आतील भाडेकरूच्या उष्णतेपुरताच झाला असेल, तर त्या वगळणे परवडणारे दिसणारच. रस्ता त्या हिशेबात येतच नाही. आपल्याकडील ऊर्जा संवर्धन इमारत संहिताही (२००७; सुधारित २०१७) काचेतून आत येणाऱ्या सौर उष्णतेला मर्यादा घालते, आणि ती मर्यादा पाळण्याचा एक मार्ग म्हणजे परावर्तक लेप. आत अडविलेले ऊन मग समोरच्या इमारतीवर वा रस्त्यावर जाते. सिंगापूरमध्ये दर्शनी काचेच्या परावर्तकतेवर २० टक्क्यांची मर्यादा आहे. परंतु अंतर्वक्र भिंतीवर तेवढ्या परावर्तकतेच्या पाच-सहा तावदानांचे ऊन एकाच जागी पडले, तरी तेथे थेट उन्हाएवढी ऊर्जा नव्याने जमा होते.