अप्सरा रडत नाहीत

हल्लीच्या अद्भुतकथांत आत्म्यांना पैलतीरी नेणारी देवी स्वतःच शोकाकुल असते. आपल्या वीरगळावर तसं नाही. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून. अप्सरांना कसलं दुःख? आणि मागे राहिलेली बाई? सती गेली तर तिला शिळा मिळते. जगली तर काहीच नाही. माझा आक्षेप इथं आहे.

जगलेली बाई पाहायची तर जुन्नरहून नाणेघाटात चला. तिथला ब्राह्मी लेख बहुतेक अभ्यासक सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. नमनात चार लोकपाल येतात, त्यांत पहिला यम! पुढे अश्वमेध, गायी, घोडे, कार्षापण यांची जंत्री. खरं सांगायचं तर कंटाळवाणी. पण त्याआधी तिची विशेषणं बघा: महिनाभर उपवास करणारी, घरातच तापसी झालेली. वैधव्य न उच्चारता सांगितलंय.

राजपरिवाराच्या मूर्तींची आता पावलंच काय ती उरलीत. वरच्या नामलेखात मात्र देवी नायनिका आणि राजा सातकर्णी एकत्र आहेत, आणि आधी नाव तिचं.