एका क्रियापदाचें मोल

राष्ट्राराष्ट्रांतील करारनामे वाङ्मय म्हणून वाचण्याचा प्रघात आपल्याकडे नाहीं. परंतु ज्या लेखनांतील एका शब्दानें कोट्यवधि लोकांचें बरेंवाईट ठरतें, त्याची परीक्षा केवळ कायदेपंडितांवर सोंपविणें आम्हांस युक्त वाटत नाहीं. म्हणून १९८७ चा माँट्रियल येथील व २०१५ चा पॅरिस येथील करार यांच्या भाषेचा विचार आम्ही येथें करीत आहों.

पहिल्याची भाषा रुक्ष, पण निःसंदिग्ध आहे. रेफ्रिजरेटरांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन हे पदार्थ वातावरणांतील ओझोनचा थर झिजवितात, असा इशारा मोलिना व रोलंड यांनीं १९७४ सालीं दिला होता. करारानें त्या पदार्थांचीं नांवें घेतलीं, घटीच्या तारखा घातल्या, आणि कराराबाहेरील राष्ट्रांशीं त्यांचा व्यापार निषिद्ध केला. १९९० सालीं गरीब राष्ट्रांसाठीं निधीही ठरला. त्यानंतर, १९९२ सालीं, भारत त्यांत आला. आज जगांतील यच्चयावत् राष्ट्रें त्यास बांधलेलीं आहेत व तो थर हळूहळू भरून येत आहे.

दुसऱ्याची भाषा मधुर आहे. पृथ्वीची तापमानवाढ दोन अंशांच्या बऱ्याच खालीं राखावी, दीड अंशावर रोखण्याचा यत्न करावा, हें ध्येय उदात्तच. पण धूर किती घटवावयाचा तें ज्याचें त्यानें ठरवावयाचें! श्रीमंत राष्ट्रांनीं या कामीं पुढाकार 'घेतलाच पाहिजे' अशा अर्थाचें इंग्रजी क्रियापद शेवटच्या मसुद्यांत होतें. अमेरिकेच्या हरकतीमुळें अखेरच्या घटकेस 'घ्यावा' एवढ्याच बळाचें क्रियापद तेथें आलें. आज्ञा गेली, उपदेश उरला.

यावर कोणी म्हणेल, १९९७ च्या क्योटो करारांत आज्ञा होतीच. तरी अमेरिकेनें त्यास मान्यता दिली नाहीं व कॅनडा पुढें बाहेर पडला. हा आक्षेप खरा आहे. ओझोनचे शत्रु मोजक्या कारखान्यांत तयार होत. कोळसा व तेल यांवर तर सगळ्या जगाचा संसार चालतो. तथापि त्यावरून क्रियापद निरुपयोगी ठरत नाहीं. त्याच्या पाठीशीं पैसा व व्यापाराचा निर्बंध हवा, एवढेंच ठरतें.

वानुआतू या चिमुकल्या बेटांच्या राष्ट्राच्या पुढाकारानें हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें गेला. २३ जुलै २०२५ रोजीं न्यायालयानें मत दिलें कीं, हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे, आणि आपली घट ठरवितांनाही त्यांस मन मानेल तसें वागतां येत नाहीं. हें मत सल्ल्यादाखल आहे, बंधनकारक नाहीं. तरीही ज्यांच्या बेटांवर समुद्र चढत आहे त्यांच्या हातीं आतां एक आधार आला आहे. पॅरिसच्या करारांतील हें वैगुण्य यापुढील करारांनीं भरून काढलेंच पाहिजे. 'काढावें' एवढ्यानें भागणार नाहीं.