वक्र कुठून येतो? वर्गफलनाच्या पहिल्या धड्याविषयी

तत्त्वज्ञानाच्या माणसाने शाळेच्या गणितात कशाला लुडबूड करावी, असं काहींच्या मनात आलं असेल. आमचं म्हणणं असं की एखादी कल्पना मुलासमोर पहिल्यांदा कोणत्या रूपात येते, हा ज्ञानमीमांसेचाच प्रश्न आहे. पहिली ओळख जशी होते तशीच ती कल्पना पुढे बहुतेकांच्या मनात राहते, आणि गणित सोडल्यावर तर तेवढीच उरते. वर्गफलन आणि त्याचा आलेख यांची आपण करून देतो ती ओळख आम्हाला सदोष वाटते. कशी, ते आज मांडायचं आहे.

आधी आज काय चालतं ते बघू. राज्य मंडळाच्या दहावीच्या, २०१८ साली आलेल्या पुस्तकात पहिलं प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे. त्यात आलेखकागद येतो, रेषा काढल्या जातात. दुसरं प्रकरण वर्गसमीकरणांचं. इथे अवयव पद्धत, पूर्ण वर्ग पद्धत, सूत्र, विवेचक असा क्रम आहे आणि सगळा भर मुळे काढण्यावर. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात बहुपदींच्या प्रकरणात अन्वस्त वक्र भेटतो खरा, पण तोही मुख्यतः क्ष-अक्षाला किती ठिकाणी छेदतो हे मोजण्यापुरता. वक्राला स्वतःला काही सांगायचं आहे, हे बाजूलाच राहतं.

पुस्तकं वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. मुळे काढता यायलाच हवीत. तक्रार क्रमाविषयी आहे. प्राथमिक शाळेपासून मुलांना एक सूचना ओळखीची असते: ‘चौकटीत योग्य संख्या लिहा.’ समीकरण ही त्याच सूचनेची मोठी बहीण. योग्य संख्या एक किंवा दोन असतात, त्या सापडल्या की काम संपलं. फलनाची सूचना मात्र अगदी वेगळी आहे: ‘चौकटीत वाटेल ती संख्या लिहा, आणि काय होतं ते बघा.’ फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञाने १८९१ साली येना इथे दिलेल्या व्याख्यानात हेच सांगितलं होतं. फलन स्वतः अपुरं असतं, त्यात एक रिकामी जागा असते, आणि त्या जागेसकट त्याच्याकडे पाहायला हवं. आपण मात्र मुलांना ती जागा घाईघाईने बुजवायला शिकवतो. रिकामी ठेवून तिच्याकडे बघायला शिकवतच नाही.

आता काही उत्साही शिक्षक म्हणतील, आम्ही आठवीतच अन्वस्त दाखवतो. कसा दाखवता? तर चेंडू फेकून. ‘बघा मुलांनो, चेंडू असा वर गेला, असा खाली आला, हाच अन्वस्त.’ हे उदाहरण सगळीकडे चालतं, आणि पहिल्या ओळखीसाठी आमच्या मते तेच सर्वांत गैरसोयीचं आहे. तिरक्या फेकलेल्या चेंडूचा मार्ग आणि त्याचा आलेख दिसायला सारखे असतात. मुलाची समजूत होते की आलेख म्हणजे चेंडूचा फोटो. नॉटिंगहॅमच्या शेल सेंटरने १९८५ साली फलनं आणि आलेखांच्या भाषेवर शिक्षकांसाठी जे साहित्य काढलं, त्यात या गैरसमजाकडे मुद्दाम लक्ष वेधलं आहे. मुलं आलेख वाचत नाहीत, चित्र समजून बघतात.

पडताळून पाहायचं तर चेंडू सरळ वर फेका. सेकंदाला २० मीटर वेगाने वर गेला आणि गुरुत्वाचा आकडा आपण सोयीसाठी १० धरला, तर दर सेकंदाला त्याची उंची ०, १५, २०, १५, ० मीटर अशी भरते. चेंडूचा मार्ग सरळ उभी रेघ, पण वेळेनुसार उंचीचा आलेख कमानीसारखा. आता सांगा, ही कमान कुठून आली? चेंडू तर कुठेही वळला नाही! फोटो समजणाऱ्या मुलाकडे या प्रश्नाला उत्तर नाही.

म्हणून पहिलं उदाहरण असं घ्यावं की ज्यात डोळ्यांना कुठेच वक्र दिसत नाही. वीस मीटर सुतळी घ्या, चार खुंट्या घ्या. आयताकृती वाफा आखायचा आहे. एक बाजू एक मीटर धरली तर शेजारची नऊ, क्षेत्रफळ नऊ चौरस मीटर. बाजू दोन तर शेजारची आठ, क्षेत्रफळ सोळा. मुलांनी खुंट्या सरकवत जायचं आणि फळ्यावर आकडे लिहायचे: ०, ९, १६, २१, २४, २५, २४, २१, १६, ९, ०. सुतळी तेवढीच, वाफा मात्र फुगतो आणि परत आक्रसतो. हेच बऱ्याच मुलांना पटत नाही. घेर तोच तर जागाही तीच, अशी त्यांची पक्की समजूत असते. ती तिथेच मोडते.

आता शेजारच्या आकड्यांतला फरक काढायला सांगा. ९, ७, ५, ३, १, मग उणे १, उणे ३, असं पुढे. फरकांतला फरक दर वेळी दोनच! वर्गफलनाचं मर्म हे आहे, बरं का. रेषीय नात्यात बदल स्थिर असतो. इथे बदलच बदलतो, पण ठरावीक चालीने. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला हे हाताने ठाऊक असतं. एक ठिपका, त्याच्या कडेने तीन घातले की दोन-बाय-दोनचा चौरस, मग पाच घातले की तीन-बाय-तीनचा. पडणारी वस्तू लागोपाठच्या सारख्या काळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर तोडते, हे गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात मांडलं, तेही आजचं बीजगणित न वापरता, प्रमाणं आणि भूमिती यांच्या आधारे. मग सातवीच्या मुलाला क्ष-वर्ग येत नाही म्हणून थांबायचं कारण काय?

यानंतर आलेखकागद. अकरा बिंदू मांडून झाले की मुलं पट्टीने जोडायला लागतात. बहुतेक वर्गांत तेव्हा फर्मान सुटतं, ‘पट्टी नको, हाताने गोलसर काढा.’ का, ते कोणी सांगत नाही. कारण सांगता येतं. बाजू दोन असताना १६, तीन असताना २१. पट्टीची रेघ खरी असेल तर अडीचला १८.५ यायला हवेत. प्रत्यक्षात अडीच गुणिले साडेसात म्हणजे १८.७५. खरा बिंदू रेघेच्या पाव एककाने वर. साडेचारला करून बघा, रेघेप्रमाणे २४.५ आणि खरं उत्तर २४.७५. पुन्हा पावच. प्रत्येक दोन बिंदूंच्या मध्यावर तोच पाव. वक्र हा शिक्षकाचा हुकूम नसून हिशेबाने सिद्ध होणारी गोष्ट आहे, हे मुलाच्या हाती तिथे लागतं. शिवाय रांगोळीत अडीच ठिपक्यांची रांग नसते, सुतळीत अडीच मीटर असतात. म्हणजे बिंदू जोडायचा अधिकार आपल्याला केव्हा आहे, हा तात्त्विक प्रश्नही आठवीच्या बाकावर सहज येऊन बसतो.

यानंतर समीकरण आणा, खुशाल आणा. क्षेत्रफळ १६ हवं असेल तर बाजू किती? दोन किंवा आठ. दोन उत्तरं का? वाफा तोच, आडवा नाहीतर उभा. क्षेत्रफळ ३० हवं असेल तर? वक्र तिथवर पोचतच नाही. दहावीत हाच मुलगा क्ष² − १०क्ष + ३० = ० सोडवेल, विवेचक उणे २० येईल, आणि ‘मुळे वास्तव संख्या नाहीत’ असं लिहून दोन गुण घेईल. सुतळी हाताळलेला मुलगा म्हणेल, ‘सर, तेवढी सुतळीच नाही.’ दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण पहिल्याला अर्थ येतो तो दुसऱ्यामुळे.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर उरलं. कळप केवढा? उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. पाचचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे वजा करणार? लोकांना ऋण राशीची प्रतीती नाही, म्हणून आचार्य दुसरं उत्तर स्वीकारत नाहीत. बाराव्या शतकातला हा गणिती सूत्राने दोन उत्तरं आली तरी थांबून विचारतो, यांतलं कोणतं अर्थाला धरून आहे? हा विवेक आपल्या उत्तरपत्रिकेत कुठे दिसतो?

एक आक्षेप हमखास येईल: आता जिओजेब्रा आहे, सरकपट्टी ओढली की वक्र वरखाली होतो, सुतळी कशाला? साधन उत्तम आहे, आमचा विरोध नाही. पण हाताने एक तरी आलेख मांडल्याशिवाय ते दाखवलं, तर मुलं वक्र हलताना बघतील आणि का हलला ते विचारणार नाहीत. दुसरा आक्षेप वेळेचा. सुतळी, फरक आणि आलेख यांना फार तर तीन तासिका लागतील. दहावीत विवेचकाचे नियम पाठ करून घेण्यात त्याहून जास्त जातात.

अनेक मुलांचं गणित दहावीलाच संपतं. वर्गसमीकरणं डझनांनी सोडवून, पण एकही वर्गफलन न पाहता ती बाहेर पडतात. पुढे आयुष्यभर वर्तमानपत्रांतले चढते-उतरते आलेख त्यांच्यासमोर येणार आहेत, कुणी ना कुणी त्यांतून काही पटवून देणार आहे. वाढ चालू असली तरी तिचा वेग मंदावतो आहे, हे ज्याला आलेखात दिसत नाही, त्याला कोणीही घाबरवू शकतं किंवा फसवू शकतं. म्हणून शिक्षकांना आमची विनंती एवढीच: पुढच्या वर्षी सूत्राच्या आधी सुतळी आणा, आणि वक्र निघाला की मुलांना विचारा, ‘वाफ्याच्या चारही कडा सरळ आहेत, मग हा कुठून आला?’ उत्तराची घाई करू नका. तो प्रश्न वर्गात थोडा वेळ तसाच राहू द्या.